गाडी बंद पडली, रात्र थंडीची

थंडी सुरू झाली की आपल्या पुरवण्यांची पानं डिंकाच्या लाडवांनी आणि कोरड्या त्वचेच्या उपायांनी भरून जातात. तेही हवंच. पण याच दिवसांत लग्नसराई असते, ऊसतोडीचा हंगाम असतो आणि रात्रीचा प्रवास वाढतो. टायर फुटतो, डिझेल संपतं, नाहीतर धारूरच्या घाटात उसाचा ट्रक अडकतो आणि मागे रांग लागते. मग लेकराबाळांसह तीन-चार तास, कधी अख्खी रात्र रस्त्यातच काढावी लागते.

"बीडला काय काश्मीरसारखी थंडी पडते का?" असं एका मैत्रिणीने मला विचारलं. नाही पडत. पण आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि माणूस गारठायला बर्फच लागतो असं नाही. ओले कपडे, अंगावरचा वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. शरीराचं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली गेलं की माणूस बडबडतो, झोपाळतो, आपल्याला काय होतंय हे त्याचं त्यालाच कळत नाही. तान्ह्या बाळाला तर मोठ्यांसारखी हुडहुडीही भरत नाही. ते गप्प होतं, दूध ओढत नाही, आणि आपण समजतो, चला, शांत झोपलं एकदाचं!

थंडीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती थंडी घालवायच्या उपायांची. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फ बघायला गेलेल्या लोकांच्या गाड्या रस्त्यातच अडकल्या आणि एका रात्रीत वीसहून जास्त माणसं गाड्यांमध्येच दगावली. त्यात लहान मुलंही होती. त्यातले बरेचजण गारठ्याने नाही, तर बंद गाडीत भरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले असावेत, असं तेव्हा सांगितलं गेलं. ऊब राहावी म्हणून इंजिन चालू, काचा बंद, आणि धूर बाहेर पडायची नळी बर्फाने बुजलेली. आपल्याकडे बर्फ नाही, पण तीच नळी चिखलात किंवा मातीच्या ढिगात रुतू शकते. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून इंजिन लावायचंच तर तासाभरात दहा मिनिटं, नळी मोकळी आहे का ते बघून, आणि एक काच दोन बोटं उघडी ठेवून. बंद गाडीत किंवा बंद खोलीत पेटलेले कोळसे ठेवून झोपणं तर कधीच नको.

आणखी एक. परदेशातल्या सल्ल्यांमध्ये 'गाडी सोडू नका' असं पहिलंच वाक्य असतं. आपल्या रस्त्यांवर ते जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे अंधारात उभ्या वाहनावर मागून धडकणारा ट्रक हा थंडीपेक्षा मोठा धोका. गाडी रस्त्यावरच उभी असेल तर आधी बायका-मुलांना उतरवून रस्त्याच्या कडेला, चांगलं लांब न्यावं. गाडी पूर्ण बाजूला घेतली, मागचे दिवे लुकलुकते ठेवले, की मग आत बसायचं. ११२ ला फोन करावा, आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला.

आता ज्यांच्याकडे काचाच नाहीत त्यांचं बोलू. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली सामान, वर माणसं. मांडीवर लेकरू, पायाशी कोंबड्यांचा खुराडा. शिरूर कासार तालुक्यातल्या एका बाईंनी मला त्यांची एक रात्र सांगितली. करमाळ्याच्या पुढे ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सल तुटला. मुकादम दुसऱ्या गाडीने मिस्त्री शोधायला गेला, तो सकाळी उगवला. उघडा माळ, वारा सोसाट्याचा. बाया पोरांना घेऊन ट्रॉलीत ताडपत्रीखाली शिरल्या, आणि एका तरण्या बाईने घमेल्यात निखारे घेऊन तेही आत ठेवले. टोळीत एक म्हातारी होती. ती उठली आणि घमेलं बाहेर फेकलं. तिच्या भावकीत असंच कोपीत शेकोटी ठेवून झोपलेलं माणूस सकाळी उठलं नव्हतं. तिला वायूचं नाव माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं.

त्या म्हातारीनं पुढे जे करायला लावलं ते प्रत्येकीने ऐकावं असं आहे. अंगावरच्या वाकळा काढून आधी खाली अंथरायला लावल्या. ट्रॉलीचा पत्रा अंगातली ऊब खेचून घेतो, त्यामुळे खाली एक घडी आणि वर एक हे वर दोन घेण्यापेक्षा बरं. वाकळ मिळाली नाही तर पोती, कडबा, वर्तमानपत्रं, जे असेल ते. आपल्या वाकळेत जुन्या लुगड्यांचे थर असतात, त्या थरांत हवा अडकते आणि तीच ऊब धरते. पोरं मधोमध, मोठी माणसं वाऱ्याच्या बाजूला पाठ करून. तान्हं आईच्या पोटाशी, कातडीला कातडी लावून, वरून पदर. डोकी झाकलेली. ओलं असेल ते काढून टाकलेलं. भाकरी आणि गूळ सगळ्यांत वाटलेला, कारण पोटात काही असलं तरच अंग उष्णता तयार करतं. शेकोटी केली, पण ट्रॉलीपासून लांब, उघड्यावर, डिझेलच्या वाऱ्यालाही नाही. गडी बाटली काढायला लागले तेव्हा म्हातारीनं त्यांनाही झापलं. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं खरं, पण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते.

म्हातारी होती म्हणून निभावलं. पण दरवर्षी हजारो कुटुंबांची रात्र एखाद्या म्हातारीच्या शहाणपणावर सोडायची का? उचल घेताना मुकादम कागदावर अंगठा घेतो. त्या कागदात कोयत्याचा हिशोब असतो, प्रवासाबद्दल एक ओळ नसते. माणसं सामानापासून वेगळ्या वाहनात, निघायचं पहाटे आणि अंधार पडला की मुक्काम, ट्रॉलीला मागे चमकणाऱ्या पट्ट्या, आणि प्रत्येक टोळीला एक धड ताडपत्री. यात न परवडण्यासारखं काय आहे? लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचं ठरलेलं आहे. तेवढ्या पैशात ताडपत्र्या बसतात. कारखान्याला ऊस वेळेवर हवा असतो, म्हणून टोळीला घाई केली जाते आणि रात्रीचा रस्ता धरला जातो. मग त्या रस्त्याची जबाबदारीही कारखान्याची आणि मुकादमाची, एकट्या बाईची नाही.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या आपण बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढू शकतो. टोळ्या निघायच्या आधी ग्रामसभेत ग्रामसेवकासमोर तो मांडू शकतो. मुकादम गावातलाच असतो, कुणाचा दीर, कुणाचा मामा. त्याला गाडी किती वाजता काढणार आणि मुक्काम कुठे करणार हे चारचौघांत विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. सामान भरताना ताडपत्री तळाशी नको, हाताशी ठेवा. गेल्या हंगामात केज तालुक्यातल्या एका टोळीतल्या बायकांनी निघायची वेळ बदलून घेतली, रात्री नऊऐवजी पहाटे चारला. मुकादम कुरकुरला, पण गाडी चारलाच निघाली.