पदक मागून घ्या

घरातलं कुणी सैन्यात असताना जखमी झालं असेल, किंवा परत आलंच नसेल, तर त्यांची काळी ट्रंक एकदा माळ्यावरून खाली काढा. डिस्चार्ज बुक, पेन्शनची पीपीओ, मिलिटरी हॉस्पिटलचे कागद, रंगीत फितींचा एखादा तुकडा, असं सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं सापडेल. सासूबाईंच्या लेखी ती आठवण असते, सुनेच्या लेखी अडगळ. त्या कागदांत तुमच्या माणसाचा मान आणि तुमचा हक्क, दोन्ही असतात. ते मागायला लाजायचं कारण नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘आमच्या पोराला गोळी लागली, मग वीरचक्र का नाही?’ हा प्रश्न अनेक घरांत मनाला लावून घेतलेला असतो. परमवीर, महावीर, वीरचक्र किंवा अशोक, कीर्ती, शौर्य चक्र ही पदकं एखाद्या विशिष्ट कृतीसाठी मिळतात. त्यांची शिफारस पलटणीतून वर जाते. घरच्यांनी अर्ज करून किंवा आमदारांचं पत्र जोडून ती मिळत नाहीत, त्यामुळे त्यामागे चपला झिजवू नका. जखमेसाठी मात्र वेगळं पदक आहे. जवान त्याला वूंड मेडल म्हणतात, सरकारी नाव पराक्रम पदक. पांढरी फीत आणि मध्ये लाल पट्टा. 1973 साली ते सुरू झालं. शत्रूच्या थेट कारवाईत, मग ती उघड लढाईत असो की अतिरेक्यांविरुद्धच्या मोहिमेत, जो जखमी झाला त्याच्यासाठी ते आहे. तिथे शौर्य मोजत नाहीत, जखम कशी झाली याची नोंद बघतात.

शौर्यपदकांबरोबर दरमहा भत्ता येतो. 2017 पासून परमवीर चक्राला 20,000 आणि वीरचक्राला 7,000 रुपये आहेत. पराक्रम पदकाला तसा मासिक भत्ता नाही. म्हणून लोक म्हणतात, नुसत्या बिल्ल्यासाठी कोण हेलपाटे मारणार? पण बिल्ल्यामागच्या नोंदीवर पुढचं पुष्कळ काही अवलंबून असतं.

जवान जखमी झाला किंवा गेला की युनिट एक अहवाल पाठवतं. त्यात घटनेचा प्रकार लिहितात: ‘बॅटल कॅज्युअल्टी’ की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. पहिली लढाईतली, दुसरी अपघात-आजाराची. घाईत, धुमश्चक्रीत किंवा कारकुनी चुकीने दुसरी नोंद झाली, तर पदकही अडतं आणि पेन्शनही घटतं. साध्या कुटुंब निवृत्तिवेतनात शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के मिळतात, सेवेमुळे झालेल्या मृत्यूला विशेष म्हणून 60 टक्के, आणि युद्धातल्या मृत्यूला उदार निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम. एका नोंदीने घरात येणारा पैसा दुप्पट-तिप्पट बदलतो. जखमेमुळे सेवेतून काढलेल्या जवानाचंही तसंच. लढाईतल्या जखमेला वॉर इंज्युरी पेन्शन आहे, आणि त्याचं अपंगत्व 50 टक्क्यांच्या आत ठरलं तरी हिशेबाला 50 धरतात, 50 ते 75 असेल तर 75, त्यावर सरळ 100. मेडिकल बोर्डाच्या कागदावरचा आकडा आणि पीपीओवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. हे काम कॉलेजात जाणारं तुमचं पोरसुद्धा करू शकेल.

चूक दिसली तर आधी रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्र कसं लिहायचं कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हे त्यांचं कामच आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तहसीलच्या बाहेर ‘फौजी पेन्शन काढून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या हातात मूळ कागद देऊ नका. फार तर झेरॉक्स द्या. मी म्हणेन तीही नको. रेकॉर्ड ऑफिसने नाहीच म्हटलं, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथे गेलो म्हणजे सैन्याशी भांडलो, असं वाटून बरेच जुने जवान मागे सरतात. न्यायाधिकरण सरकारनेच कायदा करून जवानांसाठी उभं केलेलं आहे.

आता प्रत्यक्ष पदक. पदक जाहीर होणं आणि हातात पडणं यांत कधी कधी फार वर्षं जातात. तोवर जवान कॅन्टोन्मेंटच्या दुकानातून नक्कल विकत घेऊन परेडला लावतो, आणि पुढे घरचे तीच खरी समजून फ्रेम करतात. पदकाची कड बघा. खऱ्यावर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. कड कोरी असेल तर रेकॉर्ड ऑफिसला विचारा. 65 च्या किंवा 71 च्या लढाईत असलेल्यांना समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल अशी सेवापदकंही आहेत, तीही विचारून घ्या. मिळाल्यावर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून ठेवा. हिमाचलातल्या नाईक किरपा राम यांचं जॉर्ज क्रॉस घरातून चोरीला गेलं आणि 2009 साली लंडनच्या लिलावात निघालं. पदकांना बाजार आहे, आणि तो गरजू घरं बरोबर हेरतो.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. युद्धस्मारकावर मानवंदनेला जाताना दिवंगत जवानाची पदकं घरच्यांनी लावायला सैन्याची मान्यता आहे. फक्त ती उजव्या छातीवर लावायची. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची. वीरमातांनो, वीरपत्नींनो, लावून जा. कुणी ‘बाई मेडल लावून आली’ म्हणून कुजबुजलं तर कुजबुजू द्या.

गावांनाही सांगायचं आहे. गेलेल्याची कमान होते, चौकाला नाव मिळतं, ते योग्यच. पण जो पाय गमावून किंवा पाठीत गोळी घेऊन परत आला, त्याला पंधरा ऑगस्टला खुर्चीसुद्धा मिळत नाही. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली 2018 साली! जगज्जेत्या माणसाला इतकं थांबावं लागलं, मग गावच्या नाईक-हवालदाराची काय कथा. ग्रामपंचायतीने शाळेच्या भिंतीवर जखमी जवानांचीही नावं लिहावीत, नाव, पलटण, लढाई आणि साल एवढंच. त्याला फार तर रंगाचा एक डबा लागेल. पण आधी त्या माणसाला विचारा. काहींना ते नको असतं, आणि त्यांचं ऐकावं.

घरातले आजोबा या विषयावर बोलतच नसतील तर खोदून विचारू नका. सैनिक क्रमांक आणि पलटण तेवढी लिहून घ्या. रेकॉर्ड ऑफिसला शोध सुरू करायला तेवढं पुरतं.