फलाटापासून वर्गापर्यंत

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ वाकडला राहतात. एका कारखान्यात ते भांडार सांभाळतात. परवा सकाळी ते मुद्दाम माझ्याकडे आले. मुलगी बी.ए. झाली आहे आणि तिला विद्यापीठात एम.ए. करायचे आहे. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. "साहेब, मेट्रो तिला विद्यापीठाच्या चौकात आणून सोडेल, ते कळलं. पण तिथून आत वर्गापर्यंत कशी जायची? आणि ग्रंथालयात बसली, संध्याकाळचे आठ वाजले, तर आतून चौकापर्यंत कशी यायची? तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला हिशेब कळतो. तुम्हीच सांगा, पाठवू का?"

मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. ते गेल्यावर मात्र माझ्या ध्यानात आले, की मेट्रोबद्दल आपण एवढी वर्षे बोलतो आहोत, पण हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. किती किलोमीटर, किती कोटी, किती खांब, मुदत कितीदा टळली, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस पुढे कुठे जातो, याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

हिंजवडीजवळच्या माणपासून शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयापर्यंतचा हा मार्ग सव्वातेवीस किलोमीटरांच्या आसपास लांबीचा आहे. त्यावर तेवीस स्टेशने आहेत आणि सगळी रस्त्याच्या वर, खांबांवर. १८ डिसेंबर २०१८ रोजी पायाभरणी झाली. सरकार आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतले हे काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालले. विद्यापीठ नावाचे स्टेशन याच मार्गावर आहे आणि त्याच्या पुढचे स्टेशन रिझर्व्ह बँकेच्या नावाचे आहे.

या दुसऱ्या नावाशी माझा जुना ऋणानुबंध आहे. रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय याच रस्त्यावर आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी तिथे प्रशिक्षणाला आलो होतो. संध्याकाळी तास सुटले, की आम्ही चार-पाच जण विद्यापीठात फिरायला जायचो. फाटकातून आत शिरल्यावर मुख्य इमारत गाठायला चांगली दहा-बारा मिनिटे चालावे लागे. वडांची सावली, पाखरांचा कलकलाट आणि पंचविशीतले पाय. त्या चालण्याचे तेव्हा काहीच वाटले नाही.

ते वाटण्याचे कारणही नव्हते, कारण तो रस्ता मुळी विद्यार्थ्यांसाठी आखलेलाच नव्हता. आजची मुख्य इमारत म्हणजे एकेकाळचे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, तिचे काम सुरू झाले. गव्हर्नरसाहेबांची बग्गी फाटकातून आत वळायची, तेव्हा फाटक ते पायरी हे अंतर जितके लांब तितका रुबाब मोठा. २२ जून १८९७ च्या रात्री याच बंगल्यातला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना रँडवर चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. पुढे इंग्रज गेला, १९४९ मध्ये विद्यापीठ आले आणि बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. चारशे एकरांहून मोठे ते आवार मात्र बग्गीच्या मापाचेच राहिले. ज्या बाईंनी मुलींसाठी शाळेचे दार उघडले, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात वाकडची एक मुलगी दारापासून वर्गापर्यंत कशी जाईल, या काळजीने तिचा बाप माझ्या घरी येतो. मला हे बोचते.

या चौकाचे दैवही काही औरच. औंध, बाणेर, पाषाण आणि शिवाजीनगर या चारही बाजूंची वाहने इथे येऊन थडकतात. त्यावर उपाय म्हणून २००६ च्या सुमारास इथे उड्डाणपूल उभा राहिला आणि जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तोच पूल पाडला. मेट्रोच्या खांबांना तो आडवा येत होता आणि कोंडीही त्याने सुटली नव्हती. त्या जागी खाली वाहने आणि वर मेट्रो असा दुमजली पूल आला. अवघ्या चौदा वर्षांत एक पूल बाद झाला. बँकेत आम्ही साध्या पिठाच्या गिरणीला कर्ज देताना यंत्राचे आयुष्य किती, घसारा किती, हे विचारत असू. गावाचा पूल बांधताना तो प्रश्न कोणी विचारला नसावा. पूल बांधणाऱ्यांनी चौकातून जाणारी वाहने मोजली. चौक ओलांडणारी माणसे त्यांच्या मोजणीत आली असतील असे वाटत नाही.

दुसऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी मला माझाच एक हिशेब मांडला पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँकेचे नाव सांगत नाही. शाखेची जागा बदलायची होती. बाजारपेठेत तळमजल्याची एक जागा होती. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची दुसरी होती, भाडे जवळपास निम्मे. मी पहिला मजला निवडला, तशी टिपणी लिहिली आणि वर्षाकाठी किती बचत होईल ते शेवटी लाल शाईने अधोरेखित केले. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पेन्शनर आले. जिना अरुंद, एकोणीस पायऱ्यांचा. एक निवृत्त मुख्याध्यापक सहाव्या पायरीवर बसून राहिले होते. मी खाली उतरलो, पासबुक मागितले, पैसे आणून देतो म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, भाडं वाचवलंत, चांगलं केलंत. पण ते आमच्या गुडघ्यांतून वसूल करताय." नंतर हळूहळू पेन्शनची खाती समोरच्या दुसऱ्या बँकेत गेली. बचत झाली ती टिपणीत. त्या एकोणीस पायऱ्या माझ्या कोणत्याच रकान्यात बसल्या नव्हत्या, म्हणून मी त्या मोजल्या नाहीत. विद्यापीठाच्या स्टेशनाकडे मी पाहतो तो या अनुभवातून.

इतर ठिकाणी काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. दिल्लीत विश्वविद्यालय स्टेशन डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाले. त्या शहरातला तो पहिला भुयारी टप्पा. २००९ मध्ये मार्ग पुढे जहांगीरपुरीला गेला, तोपर्यंत हेच शेवटचे स्टेशन होते. गावोगावची मुले तिथे उतरू लागली आणि तिथून आपापल्या महाविद्यालयांकडे रिक्षांतून पांगू लागली. उपनगरातल्या मुलीला वसतिगृहात न राहताही नामांकित महाविद्यालयात शिकता येऊ लागले, हा स्टेशनाचा मोठा गुण.

पण त्याच स्टेशनाची दुसरी गोष्टही आहे. मेट्रोसाठी संरक्षण खात्याकडून घेतलेल्या जमिनीपैकी सुमारे दोन हेक्टरांचा तुकडा स्टेशनाला लागून होता. तो उंच निवासी इमारतीसाठी खाजगी विकासकाकडे गेला. विद्यापीठ कोर्टात गेले, हरले आणि अपिलाला नऊशेहून अधिक दिवसांचा उशीर केला. तो उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये नकार दिला. कर्जाचे कागद मुदतबाह्य झाले, की वसुलीचा हक्क जातो, हे बँकेतला शिकाऊ कारकूनसुद्धा जाणतो. स्टेशन आले, की भोवतालच्या जमिनीला भाव येतो. तो भाव कोणाच्या पदरात पडायचा, हे स्टेशनाच्या नकाशाबरोबरच कागदावर ठरवावे लागते. नंतर जागे झालेल्याला विद्वत्ता उपयोगी पडत नाही.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या विद्यापीठाने मात्र वेळेवर डोळे उघडे ठेवले. गाडीचा बोगदा विद्यापीठाच्या आवाराखालून जाणार होता आणि तिथे नाजूक मोजमापे करणाऱ्या प्रयोगशाळा होत्या. गाडीच्या हादऱ्यांनी आणि चुंबकीय परिणामाने प्रयोग बिघडू नयेत, म्हणून विद्यापीठाने आधीच मर्यादा ठरवून घेतल्या. त्यापायी रुळांखाली हादरे शोषणारे खास तरंगते फलक बसवावे लागले. मार्च २०१६ मध्ये स्टेशन उघडले. ते आवाराच्या कडेला, क्रीडांगणापाशी आहे. मध्ये वाहता हमरस्ता आहे. पण त्या रस्त्यावरून पादचारी पूल काढून तो थेट विद्यापीठाच्या बाजूला उतरवला आहे. स्टेशनाचाच तो एक भाग आहे अशा हिशेबाने तो बांधला. २०२१ मध्ये आवाराच्या दुसऱ्या अंगालाही एक स्टेशन झाले.

आपल्या मुंबईतही पाहा. भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, त्यात कलिन्याच्या आवाराजवळचे वांद्रे कॉलनी स्टेशन आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला आणि कलिन्याचे आवार आणि फोर्टातले जुने विद्यापीठ एकाच गाडीने जोडले गेले. पूर्वी कलिन्याहून फोर्टात कागद न्यायचा म्हणजे बस, लोकल आणि पायपीट असे अर्ध्या दिवसाचे काम. आता वांद्रे कॉलनीला बसावे आणि हुतात्मा चौकात उतरावे.

तेव्हा स्टेशन म्हणजे मोठी सोय, यात वाद नाही. माझे म्हणणे एवढेच, की तिकिटाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले, की स्टेशन संपले असे समजू नये. विद्यापीठाचे स्टेशन ग्रंथालयाच्या पायरीपाशी संपते. मधल्या वाटेची जबाबदारी कोणाची, हाच खरा तंटा आहे. मेट्रोवाले म्हणतील, आमची हद्द जिन्यापर्यंत. महापालिका म्हणेल, आमची हद्द पदपथापर्यंत. विद्यापीठ म्हणेल, आमची हद्द फाटकापासून. तिघांच्या हद्दी बरोबर असतील, आणि त्या तीन हद्दींच्या सांध्यावर मुलगी अंधारात उभी असेल.

सांधा कसा निखळतो, हे पुण्याने पाहिले आहे. २००६ च्या डिसेंबरात सातारा रस्त्यावर बीआरटी आली. बसला स्वतंत्र मार्ग मिळाला, पण थांबे रस्त्याच्या मध्यावर आणि तिथवर पोचायचे धावत्या वाहनांमधून. विद्यापीठाच्या आवारात २०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या. कौतुक झाले, फोटो निघाले आणि काही काळाने सायकली दिसेनाशा झाल्या. सुरू करणाऱ्याचे नाव पाटीवर असते. चालू ठेवणाऱ्याचे नाव कुठेच लिहिलेले नसते, म्हणून असे होते.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. स्टेशनाचा एक जिना आणि एक लिफ्ट थेट विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत उतरावी, म्हणजे चौक ओलांडायलाच नको. तिथून मुख्य इमारतीपर्यंत पावसाळ्यात डोक्यावर छप्पर आणि रात्री पुरेसा उजेड असलेली पायवाट असावी. ती झाडे राखून आखावी. वडाला वळसा घालून गेलेली वाट चालणाऱ्याला लांब वाटत नाही. आवारातली छोटी बस गाडीच्या वेळेला बांधलेली असावी आणि तिची शेवटची फेरी ग्रंथालय बंद झाल्यानंतरची असावी. स्वच्छतागृह आणि बसायला दोन बाक असावेत. चहाच्या टपरीला हक्काची जागा द्यावी. टपरी असली, की वाटेवर वर्दळ राहते, आणि वर्दळीची वाट मुलींना सुरक्षित वाटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या साऱ्यावर एकाच अधिकाऱ्याची सही असावी.

याला पैसा लागेल हे खरे. पण हजारो कोटींच्या कामात ही रक्कम म्हणजे माझ्या त्या शाखेच्या भाड्यातला फरक. तो वाचवला, की कोणाच्या तरी गुडघ्यांतून, कोणाच्या तरी सोडून दिलेल्या एम.ए.मधून वसूल होतो. अशा वसुलीची पावती कोणी फाडत नाही, म्हणून ती दिसत नाही.

त्या गृहस्थांना मी संध्याकाळी फोन केला. म्हटले, मुलीचा प्रवेश घ्या. पहिले काही दिवस तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. जिन्यापासून वर्गापर्यंतची पावले मोजा, दिवे कुठे नाहीत ते लिहून काढा आणि तो कागद माझ्याकडे आणा. आपण दोघे मिळून तो तिन्ही कचेऱ्यांत नेऊन देऊ आणि पोच घेऊ.

ते म्हणाले, "पोच मिळेल, साहेब. दिवे लागतील का?"

नोकरीभर मी अर्जांवर पोच देत आलो. हा अर्ज घेऊन मात्र आता मलाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहायचे आहे.