सुट्या क्रेडिटांची पदवी

डिसेंबर २००० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सचा संघ एका सामन्यात आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूविना उतरला. शकील ओनीलला दुखापत झालेली नव्हती. त्याला लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला जायचं होतं आणि प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी त्यासाठी सुट्टी दिली होती. सात फूट एक इंच उंचीच्या या माणसाने १९९२ मध्ये कॉलेज अर्धवट टाकून व्यावसायिक बास्केटबॉल धरलं होतं. जाताना पदवी पूर्ण करण्याचा शब्द आईला दिला होता. मधल्या काळात पैसा आला, कीर्ती आली, २००० च्या जूनमध्ये एनबीएचं विजेतेपदही आलं. पदवी हातात पडल्यावर, आता एखादी खरी नोकरी शोधायला हरकत नाही, असा विनोद त्याने करून घेतला. पदवी होती 'जनरल स्टडीज'ची, जोडीला राज्यशास्त्र हा मायनर विषय.

जनरल स्टडीज म्हटलं की मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हो, पण नक्की कशात?" अमेरिकेतल्या घरांतही तो विचारला जातो, फक्त जरा हसून. कोणत्याच एका विषयात नसलेली पदवी म्हणजे कुठेच धड न जमलेल्याची पदवी, असा समज तिथेही आहे. तो बराचसा अन्यायाचा आहे. ही पदवी बहुतेक वेळा अठरा वर्षांचा मुलगा निवडत नाही; पस्तिशी-चाळिशीतला माणूस तिच्याकडे येतो, तोही रिकाम्या हाताने नाही. त्याच्याकडे आधी कुठे कुठे शिकलेलं असतं, पण सगळं सुटं.

नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस ही संस्था अमेरिकेतल्या प्रवेशांची आणि पदव्यांची नोंद ठेवते. तिच्या मोजदादीप्रमाणे कॉलेजात पाऊल टाकलं पण हाती कोणतंच प्रमाणपत्र आलं नाही अशी, पासष्टीच्या आतली साडेतीन कोटींहून अधिक माणसं त्या देशात आहेत. कुणी पैसे संपले म्हणून थांबलं, कुणी मूल झालं म्हणून, कुणी सैन्यात गेलं. त्यांचं जे अर्धं शिक्षण झालं, ते क्रेडिटांच्या रूपात कुठल्या तरी कॉलेजच्या दप्तरात पडून असतं.

हे क्रेडिट प्रकरण मोठं मजेशीर आहे, आणि त्याचा उगम वर्गात झालेला नाही. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांना फुकट पेन्शन मिळावं म्हणून एक कोटी डॉलर दिले. आता पेन्शन द्यायचं तर 'कॉलेज' कशाला म्हणायचं ते ठरवणं आलं. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाने अट घातली: प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचा शालेय अभ्यास अमुक इतक्या 'युनिट'चा झालेला असला पाहिजे, आणि युनिट मोजायचं तासांवर. पेन्शन कुणाला नको असतं? देशभरच्या संस्थांनी निमूटपणे आपले अभ्यासक्रम त्या मापात बसवले. पुढे १९१० मध्ये मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरने याच प्रतिष्ठानासाठी विद्यापीठांच्या कारभाराचा अहवाल लिहिला. कारखान्याची कार्यक्षमता मोजावी तशी त्याने शिकवणीही 'विद्यार्थी-तासां'त मोजली. त्या हिशेबाचा पणतू म्हणजे आजची पदवी: साधारण १२० क्रेडिटं, तीन-तीन क्रेडिटांचे चाळीसेक कोर्स. विद्यार्थी काय शिकला यापेक्षा तो किती बसला हे मोजणारी ही पद्धत आहे, अशी टीका शंभर वर्षं चालू आहे आणि ती खरी आहे. पण पदवी अशी सुट्या भागांत मोडता येते, म्हणूनच ती वीस वर्षांनी पुन्हा जुळवताही येते.

जुळवायला बसलं की मात्र घाम फुटतो. समजा, गोदामात सुपरवायझर असलेली एक बाई आहे. तिच्याकडे कम्युनिटी कॉलेजमधली काही क्रेडिटं आहेत, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात काढलेलं एक सेमिस्टर आहे आणि सैन्यातल्या चार वर्षांचं प्रशिक्षण आहे. सैनिकी प्रशिक्षणाची किती क्रेडिटं धरावीत याची शिफारस अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन करते. शिफारस मानायची की नाही हे विद्यापीठ ठरवतं. तिने मानसशास्त्रात पदवी घ्यायची म्हटलं तर विभाग सांगणार, तुमचं जुनं संख्याशास्त्र आमच्या संख्याशास्त्रासारखं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात अंदाज दिला होता, की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाटेतच गळतात. जवळजवळ निम्मा अभ्यास! पैसे भरून, परीक्षा देऊन, पास होऊन. शिवाय जुनी फी थकलेली असेल तर गुणपत्रकच अडवून धरायचं, ही अनेक कॉलेजांची सवय. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून ती मोडली. आणखी काही राज्यं हळूहळू मागून आली.

जनरल स्टडीजचा खरा उपयोग इथे दिसतो. तिच्या पोटात जवळजवळ सगळं मावतं. एका विषयाची साखळी पूर्ण करायची नसल्यामुळे जुनं क्रेडिट 'मोकळा ऐच्छिक विषय' म्हणून कुठेतरी बसतं. अडतं ते दोन जागी. एक, बहुतेक ठिकाणी तीसेक क्रेडिटं तरी पदवी देणाऱ्या विद्यापीठातच घ्यावी लागतात. दुसरी अट जास्त कडक: ठरावीक क्रेडिटं तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीची लागतात, आणि जमवलेला सगळा साठा नेमका पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा असतो. इंग्रजी निबंधलेखन, जीवशास्त्राची ओळख, अमेरिकेचा इतिहास भाग एक. अशी चिल्लर कितीही साठली तरी वरच्या पातळीचं खातं भरत नाही.

बिझनेस मायनर इथे कामाला येतो. पंधरा ते अठरा क्रेडिटांचा हा जोडविषय: लेखाशास्त्राची तत्त्वं, सूक्ष्म अर्थशास्त्र, मार्केटिंग, व्यवस्थापन, व्यवसाय कायदा, कधी वित्त. यातले वरचे कोर्स ती कडक अट भागवायला मदत करतात, आणि 'कशात?' या प्रश्नाला निदान एक शब्द सांगता येतो. गंमत अशी, की पुष्कळ विद्यापीठांत मायनर विषय भिंतीवर टांगायच्या पदवीपत्रावर छापलाच जात नाही. तो फक्त गुणपत्रकात असतो. अभ्यास ऑनलाइन केला, हेही पदवीपत्रावर सहसा लिहिलेलं नसतं. म्हणजे नातेवाइकांना दिसते ती जनरल स्टडीज, आणि भरती करणाऱ्याने गुणपत्रक मागितलंच तर त्याला दिसतो बिझनेस.

मायनरमधला काही भाग वर्गाविनाही सुटतो. कॉलेज बोर्डाच्या 'क्लेप' परीक्षा १९६७ पासून चालू आहेत. त्यांत आर्थिक लेखाशास्त्र, व्यवस्थापन आणि मार्केटिंगचे पेपर आहेत. दुकानाचा हिशेब दहा वर्षं सांभाळलेल्या माणसाने थोडी उजळणी करून एक पेपर दिला आणि विद्यापीठाने तो मान्य केला, तर अख्ख्या कोर्सची फी वाचते. पुष्कळांना ही सोय माहीतच नसते, आणि फीवर चालणाऱ्या संस्थेला ती ओरडून सांगण्याची घाई कशाला असेल?

उरलेला अभ्यास घरच्या टेबलावर. ऑनलाइन कोर्स बऱ्याचदा आठ आठवड्यांचे असतात, आणि सोळा आठवड्यांचा ऐवज त्यात कोंबलेला असतो. दर आठवड्याला वाचन, एक चाचणी, चर्चेत स्वतःचं एक टिपण आणि दोन सहाध्यायींना उत्तरं. "तुझा मुद्दा फार आवडला" अशी सुरुवात करून काहीच न म्हणणारी उत्तरं लिहायची कला इथे सगळ्यांना अवगत होते. मुदत बहुधा रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची. मार्केटिंग कामाच्या अनुभवावर निभावतं. माणसं अडखळतात ती लेखाशास्त्रात आणि संख्याशास्त्रात, कारण वीस वर्षांपूर्वी कॉलेज सुटलं तेव्हाही बऱ्याच जणांना गणितानेच गाठलेलं असतं.

या गरजेवर बाजार उभा राहिला नसता तरच नवल. जॉन स्पर्लिंग यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं नफ्यावर चालणारं फिनिक्स विद्यापीठ नोकरदार प्रौढांसाठीच होतं, आणि २०१० च्या सुमारास त्याची पटसंख्या साडेचार लाखांच्या वर गेली होती. ओनीलने एमबीए याच विद्यापीठातून २००५ मध्ये केलं. याच विद्यापीठाने मोठ्या कंपन्यांशी नोकरीचे संबंध असल्याचा भास जाहिरातींतून निर्माण केला, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१९ मध्ये १९ कोटी १० लाख डॉलरवर तडजोड झाली. ही गोष्ट विसरून चालणार नाही, पण ऑनलाइन म्हणजे फसवणूक असंही नाही. न्यू जर्सी सरकारचं थॉमस एडिसन विद्यापीठ १९७२ पासून हेच काम करतं: नेहमीचे वर्ग नाहीत, कामातून शिकलेलं सिद्ध करून दाखवा आणि क्रेडिट घ्या. त्याच राज्यातल्या एडिसन गावातल्या मराठी मंडळींना नाव शेजारचं वाटेल, पण विद्यापीठ आहे ट्रेंटनला. ज्यांचं नाव दिलं, ते थॉमस एडिसन शाळेत जेमतेम काही महिने गेले होते. स्टारबक्सने २०१४ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाशी करार करून आपल्या कामगारांना ऑनलाइन पदवीची वाट करून दिली. कंपनीने कामगाराच्या शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत खर्च केला तर तो कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरला जात नाही. कितीतरी मालकांना पुढे यायला तेवढी सवलत पुरते.

एवढं करून मिळतं काय? मेरीलँडचे गव्हर्नर लॅरी होगन यांनी मार्च २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांवरची पदवीची अट काढली, तेव्हा पदवीचे दिवस भरले असं लिहून आलं. अनेक कंपन्यांनीही तशाच घोषणा केल्या. मग हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये प्रत्यक्ष भरती तपासली. अट काढल्याचा लाभ झाला तो सातशेतल्या एका नेमणुकीलाही नाही. जाहिरातीतून पदवी गेली. निवडणाऱ्याच्या डोक्यातून गेली नाही. गोदामातल्या त्या सुपरवायझर बाईला कामाची अक्कल शिकायची नाही, ती तिच्याकडे आहे. तिला बढतीच्या अर्जातली एक चौकट भरायची आहे. त्या चौकटीत विषयाचं नाव क्वचितच विचारतात.

अर्थात चौकटीची गरज नसलेलेही परत येतात. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या लाँग बीच शाखेतलं शिक्षण १९६० च्या दशकाच्या अखेरीस सोडलं आणि २००२ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ते पूर्ण केलं. अभ्यासक्रमातल्या एका चित्रपट प्रकल्पाच्या जागी त्यांनी 'शिंडलर्स लिस्ट' सादर केला. तीसहून अधिक वर्षं मध्ये गेली, तरी त्यांना पहिल्या वर्षापासून सुरुवात करा असं कुणी सांगितलं नाही.

जुनं शिक्षण बाद न होण्याचा हा मुद्दा महाराष्ट्राने नीट पाहण्यासारखा आहे, कारण आता आपल्याकडेही सगळी भाषा हीच झाली आहे. नवीन शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडायची आणि पुन्हा आत यायची सोय ठेवली. एफवायच्या मुलांच्या वेळापत्रकात 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द आले. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून शिक्षण सुटलेल्यांसाठीच चालतं. आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स उघडली, म्हणजे क्रेडिट साठवायला देशभर एकच खातं. अमेरिकेला जे कधी जमलं नाही ते इथे कागदावर तरी एका फटक्यात झालं.

पण त्या बँकेच्या नियमात एक कलम आहे: क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतं. एसवाय बीकॉमला असताना लग्न झालेली मुलगी पुन्हा अभ्यासाकडे वळते ती बहुधा धाकटं मूल शाळेत रुळल्यावर, म्हणजे दहा-बारा वर्षांनी. तिच्यासाठी ही सोय केली असेल तर सात हा आकडा कुठून आला, हे कुणीतरी आयोगाला विचारायला हवं, आणि लवकर. बँकेत पहिल्या वर्षी जमा झालेली क्रेडिटं २०२८ पासून बाद व्हायला लागतील.