शिक्का कोणाच्या खेळण्यावर?

तुळशीबागेत भातुकली घ्यायला आजही झुंबड उडते. पण शहरात कुठल्याही पथारीवरचा भडक रंगाचा खुळखुळा उचलावा आणि त्यावर आय.एस.आय.चा शिक्का शोधून पाहावा! १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून देशभर सक्तीचा आहे. निखळणारे बारीक भाग, धारदार कडा, रंगातले शिसे या साऱ्यांची परीक्षा झाल्यावरच तो मिळतो. तान्हे मूल खेळणे आधी तोंडात घालते, हे सरकारने ओळखले, बरे झाले.

पण आमच्यासारख्या घरांचे काय? माझ्या धाकट्या भावाची सारी खेळणी जत्रेतली. आई किंमत विचारी, शिक्का नव्हे. तिला अक्षरओळखच नाही.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना कायद्याने सूट दिली आहे. ती योग्यच, हाताने चार बाहुल्या घडवणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च कसा झेपावा? मात्र पथारीवरचा प्लॅस्टिकचा माल कारागिराच्या हातचा नसतो, साच्यातून निघालेला असतो. तेव्हा तपासणी घाऊक गोदामात व्हावी. पथारीवाल्याचे गाठोडे जप्त करून काय साधणार? त्याचे मूलही त्याच खुळखुळ्याशी खेळत असते.