यंत्राचे डोळे आणि आपली वही



शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्य तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. २०१४ साली तेथे रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा दुर्मिळ पक्षी आढळला. १८८४ नंतर त्याची एकही खरी नोंद नव्हती. तो नामशेष झाला असेच अनेकांना वाटे. अखेर १९९७ साली पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो खानदेशात, शहाद्याजवळ दिसला.

मधल्या काळात एक लबाडी घडली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज गृहस्थाने संग्रहालयातील जुना नमुना लांबवला आणि 'हा मी १९१४ साली मिळवला' अशी खोटी चिठ्ठी त्याला जोडली. त्या चिठ्ठीने पुढील संशोधकांची दिशाभूल केली.

ही हकिगत आज सांगण्याचे कारण आहे संगणक. २०१८ च्या व्याघ्रगणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. या ढिगातून प्राणी निवडण्याचे आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखण्याचे काम संगणकाच्या मदतीने झाले. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

पण संगणक हे शिकतो कसा? माणसांनी नावे लिहिलेली हजारो छायाचित्रे त्याला दाखवतात. त्यांतील रंग-रेषांची ठेवण तो हेरतो. जो प्राणी त्याला कधी दाखवलाच नाही, त्याचे नाव तो कोठून सांगणार? रानपिंगळा न पाहिलेले यंत्र त्याला खुशाल साधा पिंगळा ठरवील. आणि छायाचित्रांवरची नावेच चुकीची असली, तर ती चूक ते हजार वेळा गिरवील.

म्हणून यंत्र आले, आता डोळ्यांचे काम संपले, असे मानणे मला घातक वाटते. शहापूर-मुरबाडच्या मुलांनो, रानातील माग आणि पाखरांचे आवाज जाणणारी वडीलधारी माणसे तुमच्या पाड्यांवर आहेत. त्यांच्याबरोबर हिंडा. तारीख, वेळ, जागा आणि जे दिसले ते वहीत लिहा. ओळख पटली नाही, तर 'ओळखले नाही' असेच लिहा. शिक्षकांनीही अशा प्रामाणिक नोंदीचे गुण कापू नयेत. अंदाजाने ठोकून दिलेले नाव काय, अन् १९१४ ची ती चिठ्ठी काय, यंत्राला दोन्ही सारखीच खरी वाटतात!