वैमानिकाचा परत फिरण्याचा अधिकार

३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ येऊन ठेपले असताना मुंबईहून निघालेले इंडिगोचे एक विमान चेन्नईच्या धावपट्टीवर उतरू पाहत होते. वाऱ्याच्या झोतांनी ते दोन्ही अंगांना हेलकावे खात होते. धावपट्टी अगदी जवळ आली असता वैमानिकाने उतरण्याचा बेत सोडला आणि विमान पुन्हा आकाशात नेले. त्या क्षणांचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि विमान थोडक्यात बचावल्याचा एकच कल्लोळ उठला. अशा हवेत उतरण्याचा प्रयत्न तरी का केला, हा प्रश्न गैर नव्हता. परंतु ज्या क्षणाने प्रेक्षकांच्या छातीत धस्स झाले, तो परत फिरण्याचा क्षणच त्या साऱ्या प्रकारातील सर्वांत शहाणपणाचा होता, याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हण विमानविद्येत उलटी होते. विमान उतरते ते वाऱ्याला तोंड देऊन. समोरून वारा असला की पंखांना हवेचा आवश्यक तो आधार मिळूनही जमिनीवरचा वेग कमी राहतो आणि थोडक्या धावपट्टीत विमान थांबते. म्हणूनच धावपट्टी त्या प्रदेशातील नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेने आखतात. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा तिला सोयीचा पडतो. परंतु आखलेल्या रेषेतच वाहण्याचे बंधन वाऱ्यावर नसते. तो आडवा आला की वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून तिरकस चालीने खाली येतो आणि चाके टेकण्याच्या बेतात नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. वारा स्थिर असला तर त्याच्या जोराचा हिशेब मांडता येतो. झोतांचा तसा मांडता येत नाही. समोरचा झोत एकाएकी ओसरला की पंखांखालचा आधार घटतो. त्यासाठी वेग थोडा वाढता ठेवावा, तर धावपट्टी अधिक लागते. ती ओली असेल तर आणखी अधिक. ही कोंडी सोडविण्यास वैमानिकापाशी काही सेकंदच असतात.

१ मार्च २००८ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एम्मा वादळात लुफ्तान्साच्या एअरबस ए-३२० विमानाच्या पंखाचे टोक धावपट्टीला घासले. वैमानिकांनी विमान तत्काळ वर उचलले आणि नंतर दुसऱ्या धावपट्टीवर सुखरूप उतरविले. विमानातील १३७ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही. चौकशीत निष्पन्न झालेली एक गोष्ट मात्र उद्बोधक होती. आडव्या वाऱ्यासाठी ३३ नॉट आणि झोतांसह ३८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर, असे आकडे पुस्तिकेत होते. परंतु ती अनुल्लंघनीय मर्यादा होती की चाचणीत आलेल्या अनुभवाची केवळ नोंद, याविषयी वैमानिकांतच एकवाक्यता नव्हती.

हॅम्बुर्गला जे टळले ते केरळमध्ये कोझिकोडला टळले नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान भर पावसात पठारावरील धावपट्टीवर उतरत होते. पहिला प्रयत्न सोडल्यावर ते विरुद्ध दिशेने, पाठीवर वारा घेऊन आले, जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडल्यावर टेकले आणि पलीकडच्या उतारावरून कोसळले. २१ जण मृत्युमुखी पडले. हवाई दलात नावाजलेले कॅप्टन दीपक साठे हे मराठी वैमानिकही त्यांत होते. सहवैमानिकाने परत फिरण्याची केलेली सूचना मानली गेली नाही, असे २०२१ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. परंतु अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कोझिकोडलाच पोचण्याची ओढ त्या निर्णयामागे होती आणि तेथे पुरेसे कॅप्टन न ठेवण्याचे कंपनीचे सदोष धोरण त्या ओढीच्या मुळाशी होते, असेही त्यात म्हटले आहे.

या ओढीची व्याप्ती एका वैमानिकापुरती नाही. उतरण्याची घडी नियमाप्रमाणे बसलेली नसतानाही सुमारे ९७ टक्के वेळा विमान उतरविलेच जाते आणि परत फिरणारे जेमतेम ३ टक्के असतात, असे फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या अभ्यासात दाखविले आहे. बहुतेक वेळा काही घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणूनच सवय पक्की होते.

परत फिरणे फुकट होत नाही, हे खरे. इंधन जळते, वेळापत्रक कोलमडते. जमिनीजवळून विमान पुन्हा वर नेणे हेही कसबाचे काम आहे. तथापि हा खर्च सुरक्षिततेच्या किमतीत आधीच धरलेला असला पाहिजे. परत फिरलेल्या वैमानिकाला जाब विचारला जाणार नाही, असे आश्वासन कागदावर असून भागत नाही. कामाच्या पाळ्या इतक्या ताणलेल्या नसाव्यात की एक विमान दुसरीकडे वळले तर उद्याची सकाळ बिघडावी. ‘परत फिरा’ हे सहवैमानिकाचे शब्द कॅप्टनला बंधनकारक असावेत. आणि आपण प्रवाशांनीही तासभर उशिराबद्दल कर्मचाऱ्यांवर तोंडसुख घेण्यापूर्वी एवढा विचार करावा, की आपला हा संताप कधी ना कधी वैमानिकाच्या कक्षापर्यंत पोचतो आणि नेमक्या त्या काही सेकंदांत त्याच्या हातावर त्याचे ओझे पडते.