कपाटातले कॅमेरे विकण्याआधी



स्टुटगार्टहून आम्ही या पानावर बहुधा औषधपाण्याचं लिहितो. पण मागच्या दोन महिन्यांत तीन घरांतून एकच प्रश्न आला, म्हणून या खेपेस विषय वेगळा. प्रश्न असा: घरातला कर्ता माणूस गेला, त्याच्या कपाटात जुने कॅमेरे निघाले, आता ते विकायचे तर किती मागायचे? एक मुलगा म्हणतो भंगार आहे, दुसरा म्हणतो लाखाचा ऐवज आहे. दोघांनीही कॅमेरा नीट हातात घेऊन पाहिलेला नसतो. आम्ही तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. तपासल्याशिवाय निदान नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. इथेही तेच लागू.

आमच्या शहराला हा प्रश्न परका नाही. मुंबईचं आणि स्टुटगार्टचं १९६८ पासून भगिनीशहरांचं नातं आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण हे कॅमेऱ्यांचंही शहर होतं हे कमी जणांना ठाऊक असतं. ऑगस्ट नागेल नावाच्या गृहस्थांनी इथे कॉन्टेसा कारखाना उभा केला. १९१९ मध्ये तो नेटेल कंपनीशी जोडला गेला आणि १९२६ मध्ये इतर कंपन्यांबरोबर झाइस इकॉन या मोठ्या कंपनीत गेला. नागेलांना ते मानवलं नाही. १९२८ मध्ये त्यांनी पुन्हा स्वतःचा कारखाना काढला आणि १९३१-३२ मध्ये तो अमेरिकेच्या कोडॅकने विकत घेतला. तिथेच १९३४ मध्ये रेटिना हा घडीचा छोटा कॅमेरा निघाला. त्याच्याबरोबर उजेडात भरता येईल अशी ३५ मिलिमीटर फिल्मची तयार डबी बाजारात आली. मुलांनो, आज फिल्मचा रोल म्हणून दुकानात मिळते ती हीच डबी. नव्वद वर्षांपूर्वीच्या रेटिनात ती अजून बसते! रेटिना कॅमेरे १९६९ पर्यंत इथे बनत होते. झाइस इकॉननेही युद्धानंतर आपला पश्चिमेकडचा संसार स्टुटगार्टातच मांडला आणि १९७१-७२ मध्ये कॅमेरे बनवणं थांबवलं.

या झाइस इकॉनची एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी. कंपनीचे ड्रेस्डेनमधले प्रमुख इमॅन्युएल गोल्डबर्ग यहुदी होते. मोठे शास्त्रज्ञ. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पळवून नेलं, मारहाण केली आणि नोकरीचा राजीनामा लिहून घेतला. ते पॅरिसला गेले आणि १९३७ मध्ये तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये. तिथे त्यांनी सूक्ष्म उपकरणांची प्रयोगशाळा काढली. १९७० मध्ये तेल अवीवला त्यांचं निधन झालं. तेव्हा एखाद्या जुन्या काळ्या डबीवर झाइस इकॉन हे नाव वाचाल, तर त्यामागे हाही इतिहास आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. आमच्या ओळखीच्या एक वहिनी इथे आहेत, वय ऐंशीच्या पुढे. दादा साठच्या दशकात मुंबईहून इथे कारखान्यात नोकरीला आले. फोटोचा नाद भारी. गेल्या हिवाळ्यात ते गेले आणि कपाटात नऊ कॅमेरे निघाले. वहिनींची एकच इच्छा होती. वर्ष उलटण्याआधी कबरीवर दगड बसावा आणि त्यावर हिब्रूबरोबर मराठीतही दोन ओळी असाव्यात, जशा आपल्या कोकणातल्या आणि मुंबईच्या कबरस्तानांत असतात. एक व्यापारी येऊन नऊंचे मिळून २०० युरो देतो म्हणाला. वर "उद्यापर्यंत सांगा." मोठा मुलगा लोदहून फोनवर म्हणाला, "आई, देऊन टाक." धाकटा कॅनडाहून म्हणाला, "खबरदार! यातलाच एक हजार युरोला लावलेला मी पाहिलाय." दोघांचं वाजलं. वहिनी रडकुंडीला आल्या. आम्ही म्हटलं, आज कुणालाच काही द्यायचं नाही. आधी तपासणी करू. ती ज्या क्रमाने केली तोच इथे देतो.

पहिलं, मागचं झाकण उघडू नका. आत फिल्म असू शकते आणि उजेड लागला की ती गेली. छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यात फिल्म परत गुंडाळायची एक गोल मूठ असते. ती बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा. ताण लागला तर आत फिल्म आहे असं समजा. मोठ्या रोलच्या कॅमेऱ्याला मागे लाल काचेची खिडकी असते, तिच्यातून आकडा दिसतो का पाहा. वहिनींकडच्या कॉन्टेसामध्ये ताण लागला. फिल्म अंधारात काढून धुवायला दिली. काळी-पांढरी होती. छत्तीसपैकी सात फोटो आले, बाकी धुक्यासारखे. त्यांत एकात वहिनींच्या सासूबाई नऊवारीत, पायात लोकरी मोजे, स्टुटगार्टच्या बर्फात उभ्या! त्यांचा इथला हा एकच फोटो. (कोडाक्रोम नावाची रंगीत फिल्म निघाली, तर रंग आता मिळत नाहीत. ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत होती, तिनेही २०१० च्या अखेरीस काम बंद केलं. काळे-पांढरे फोटो मात्र कधीकधी निघतात.)

दुसरं, केस पेपर करा. प्रत्येक कॅमेऱ्याला एक पान. कंपनी, पूर्ण नाव, अंगावरचा नंबर, भिंगाच्या कड्यावरचं नाव आणि नंबर, हे सगळं जसं आहे तसं उतरवून घ्या. एका अक्षराने भाव बदलतो. रेटिना तीन-सीचंच पाहा. त्याचा सी लहान लिपीतला असेल तर तो १९५४ ते ५७ मधला. सी मोठ्या लिपीतला असेल तर १९५७ नंतरचा, मोठ्या खिडकीचा, आणि त्याला मागणी जास्त. नुसतं "कोडॅकचा जुना कॅमेरा आहे" असं सांगितलंत तर मोठ्या सीलाही लहान सीचाच भाव मिळेल. चामड्याची पिशवी, खोका, पावती, माहितीपुस्तिका, भिंगाचं झाकण यांतलं काही फेकू नका. त्यालाही भाव असतो.

तिसरं, प्रकृती पाहा. खोलीत अंधार करा, भिंगाचं तोंड पूर्ण उघडा आणि एका बाजूने विजेरी मारून दुसऱ्या बाजूने तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या चार पावसाळ्यांतून गेलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास सापडते. ती काच खाते, म्हणून असा कॅमेरा इतरांपासून वेगळा आणि कोरड्या जागी ठेवा. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता असतो, त्याच्या आत विजेरी लावा, बाहेर उजेडाचे ठिपके दिसले तर भोकं आहेत. मग खटका. एका सेकंदावर लावून दाबा. मध्येच अडकला तर आतलं वंगण सुकलंय. बॅटरी आत राहिली असेल तर काढा, ती गळली की आतलं सगळं खाते.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण यांत चांगले कॅमेरे मोडीत जातात. अनेक रेटिनांमधला फोटो मोजणारा आकडा उलटा चालतो आणि एकावर आला की यंत्र अडून बसतं. माणसं म्हणतात बिघडला. तो बिघडलेला नसतो, आकडा पुढे सरकवला की पुन्हा चालतो. दुसरं म्हणजे स्टुटगार्टच्या झाइस इकॉन कॅमेऱ्यांवर चामड्याखाली पुटकुळ्या दिसतात. आतल्या रिव्हेटांवर गंज चढून चामडं उचललं जातं. दिसायला वाईट, पण संग्राहकांना हे दुखणं ओळखीचं आहे, त्यापायी कॅमेरा टाकाऊ ठरत नाही. आणि कृपा करून घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका, तेल तर मुळीच सोडू नका. मऊ ब्रशने धूळ झटका आणि थांबा.

चौथं, भाव. कुणी काय मागतंय तो भाव नव्हे, कुणी काय दिलं तो भाव. ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात, नातवंडांना सांगा, दोन मिनिटांत काढून देतील. आपल्यासारख्याच नावाचे आणि प्रकृतीचे पाच सौदे घ्या. समजा ४०, ७०, ७५, ८५ आणि २१० युरो असे आले. पहिला बहुधा बिघडलेला, शेवटचा खोक्यासकट नवा कोरा. ते दोन सोडा. मधल्या तिघांची सरासरी ७६-७७ युरो. त्यातून टपाल आणि दलाली वजा करा. उरेल ती तुमची रक्कम. धाकट्याने पाहिलेला हजार युरोचा कॅमेरा वर्षभर तसाच लावलेला होता, घेणारा कुणी आला नव्हता.

लिलावाच्या बातम्यांनी तर डोकं फिरतं. जून २०२२ मध्ये ओस्कार बार्नाक यांनी स्वतः वापरलेला लाइका, नंबर १०५, १ कोटी ४४ लाख युरोला गेला. बार्नाक म्हणजे ज्यांनी लाइका घडवला तेच. पण हातोडा पडला तो १ कोटी २० लाखांवर, वरची रक्कम लिलावघराची. म्हणजे बातमीतला आकडा विकणाऱ्याच्या हातात येत नाही. शिवाय लाइका नाव दिसलं की हुरळून जाऊ नका. रशियातून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांकडे फेड आणि झोर्की कॅमेरे असत. त्यांच्यावर लाइकाचं नाव, सोनेरी मुलामा आणि नाझी चिन्हं कोरून बनावट माल पुष्कळ विकला गेला. भिंग काढून आत वरच्या बाजूला पाहा. खऱ्या लाइकाच्या दांड्याला गोल चाक असतं, फेड-झोर्कीला बहुधा पाचरीसारखं टोक. आणि ते चिन्ह कोरलेली वस्तू आपल्या घरातून कुणाच्या हाती जाणार, याचाही विचार करा.

पाचवं, मालक कोण? इथल्या जर्मन कायद्याप्रमाणे वाटणी होईपर्यंत मालमत्ता सगळ्या वारसांची मिळून असते. त्यातली वस्तू एकट्याने परस्पर विकता येत नाही. म्हणून केस पेपरांची प्रत दोन्ही मुलांना पाठवली. आकडे कागदावर आले तसे आवाज खाली आले.

वहिनींच्या नऊपैकी खरी किंमत तिघांना निघाली: कॉन्टारेक्स, मोठ्या सीचा रेटिना आणि तो फोटो देणारा कॉन्टेसा. ते एकेक करून विकले. पाच साधे होते, ते एकगठ्ठा त्या व्यापाऱ्यालाच दिले. त्यालाही दुकानाचं भाडं असतं, दुरुस्ती असते, त्यामुळे तो पूर्ण भाव देणार नाहीच. तेवढ्यावरून त्याला लबाड म्हणू नये. पण घाई त्याची होती, आपली नव्हती. सात आठवडे लागले आणि खर्च जाऊन ६४० युरो हाती आले. दगडाचा सगळा खर्च नाही निघाला, अक्षरं कोरण्याचा निघाला. मराठीतल्या ओळींसकट.

नववा विकलाच नाही. तो अग्फा क्लिक थ्री, बडोद्याला बनलेला, एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. आपल्या किती घरांत होता! ढिगाने बनला म्हणून बाजारात त्याला फारसं कुणी विचारत नाही. तो आता लोदच्या नातवाकडे आहे आणि त्याच्या मापाची फिल्म अजून मिळते.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी काम. आजी-आजोबा घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, एकेक कॅमेरा पुढ्यात घ्या आणि विचारा, हा कुठे घेतला, कितीला घेतला, याने कुणाचे फोटो काढले? उत्तर केस पेपरच्या मागच्या बाजूला लिहा, मराठीत जमलं तर मराठीत. आणि झाकण उघडायचं नाही, हे मात्र आजोबांनाही बजावून ठेवा!

पुढच्या अंकात पुन्हा औषधपाणी. हिवाळ्यात सांधे धरतात त्याबद्दल लिहू. तोवर सगळ्यांनी प्रकृतीला जपावे.

शालोम.